खरजुलीला नवरी केली कुणी

जाळ्यांच्या शेडच्या दारात एक परकी बाई उभी राहिली आणि तिने आत वाकून विचारलं, "भूत बघायची रांग इथेच लागते का?"

आत जाळं शिवत बसलेल्या मोठ्या आईने दातात धरलेला दोरा तोडला. बाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायात उंच टाचा, डोक्यावर भलीमोठी टोपी, गळ्यात कॅमेरा.

"भुतं रांग लावत नाहीत, बाई," ती म्हणाली. "ती माणसांपेक्षा शहाणी असतात."

बाई खुश झाली. "अय्या! हे पुन्हा म्हणाल का? मी रेकॉर्ड करते."

मोठ्या आईने पुढ्यातलं जाळं असं झटकलं की त्यातली वाळू बाईच्या टाचांवर उडाली. बाईने त्याचाही फोटो काढला. आता अशा माणसाला काय करायचं? शिवी द्यावी तर ती टिपून घेतात, गप्प बसावं तर म्हणतात, बघा, म्हातारी घाबरलीय, काहीतरी लपवतेय. मोठ्या आईच्या उभ्या आयुष्यात तिच्या तोंडाला कुणी घाबरलं नाही असं झालं नव्हतं. नवरा घाबरायचा, होडीवाले घाबरायचे, बर्फाच्या कारखान्याचा मालक तर तिला बघून रस्ता बदलायचा. आणि आता ही टोप्या घालून आलेली जनता तिच्या रागावर टाळ्या वाजवत होती.

हे सगळं तिच्या धाकट्या मुलाचं कर्तृत्व.

थोरला बोटीवर गेला आणि कामाला लागला. धाकटा मात्र जन्मल्यापासून धंदे बदलत आला. आधी त्याने कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. मग जुन्या बॅटऱ्या विकल्या, त्या परत आल्या. मग छत्र्या. अखेर बायकोच्या डोक्यातून निघालेली कल्पना त्याच्या डोक्यात शिरली, तिथे जागा भरपूर होतीच, आणि नवराबायकोने मिळून 'किनाऱ्यावरच्या झपाटलेल्या जागा' दाखवायचा उद्योग काढला. संध्याकाळी माणसं गोळा करायची, हातात कंदील घ्यायचा आणि गावभर फिरवून घाबरवायचं. माणसं घाबरायला स्वतःच्या खिशातून पैसे देतात, हे मोठ्या आईला पहिले काही दिवस खरंच वाटलं नाही. तिने अख्खी हयात लोकांना फुकट घाबरवलं होतं.

जागा तरी कसल्या? पहिली, बंद पडलेला बर्फाचा कारखाना. तिथे म्हणे मानेवर गार हात फिरतो. फिरेल नाही तर काय, छपराचा पत्रा गळतो. दुसरी, दीपगृहाचा जिना. तिथे मेलेल्या रखवालदाराची पावलं वाजतात. हा रखवालदार मेलेलाच नव्हता. निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला होता आणि तिथे दोन्ही वेळ भरपेट जेवत होता. मोठ्या आईने हे धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, पण तो इथे कुठे येणारेय सांगायला?"

आणि तिसरी जागा, जिच्यासाठी लोक खरे यायचे, ती म्हणजे शेडच्या मागचा, होड्या लावायचा जुना दगडी धक्का आणि तिथली सागरवधू.

सागरवधू! हा शब्द ऐकला की मोठ्या आईच्या डोक्यात सणक जायची. धाकट्याची गोष्ट अशी होती, की एका देखण्या मुलीचा नवरा लग्नाच्याच दिवशी समुद्रात बुडाला. ती नवरीच्या वेशातच धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि लाटेने तिला ओढून नेलं. तेव्हापासून भरतीच्या वेळी ती खालून धक्क्याचं दार ठोठावते. ढब. ढब. ढब. "ऐकलंत?" धाकटा आवाज खाली आणून म्हणायचा. "ती विचारतेय, माझा नवरा आला का?" की आलेल्या बायका लगेच डोळे टिपायच्या.

आता यातली खरी गोम अशी, की त्या धक्क्यावर भूत होतंच. पण ते मोठ्या आईचं होतं. तिने स्वतः केलेलं, आपल्या हाताने, याच शेडमध्ये बसून.

*

तेव्हा ती तरुण होती आणि शेडमध्ये जाळी दुरुस्त करायला बायकांची दाटी असायची. पोरं बरोबरच असायची, त्यांना ठेवणार कुठे? जाळं एकदा मांडीवर पसरलं की पन्नासदा उठता येत नाही. जाळ्याच्या फाटलेल्या घरांत सुई ओवताना मधेच हात सुटला तर अर्धी ओळ उसवते. आणि पोरं नेमकी धक्क्याकडे पळायची. धक्का तेव्हाही म्हातारा होता. बाहेरून दगड नीट दिसायचे, पण आतली माती समुद्राने खाल्ली होती. एका होडीवाल्याच्या पायाखालचा दगड निसटला, आणि तो माणूस जन्माचा लंगडा झाला. तो आरडाओरडा बायकांनी इथून ऐकला होता.

पोरांना सांगितलं, धक्का पोकळ आहे. पोरांना पोकळ म्हणजे काय कळणार? ती उलट पाय आपटून बघायला गेली.

तेव्हा मोठ्या आईने खरजुली काढली. काढली म्हणजे अशी, की एका दुपारी पोरांना समोर बसवून तिने सांगितलं, धक्क्याखाली एक बाई राहते. तिला नखशिखांत खरूज आहे. बाकीच्या बायकांनीही हातभार लावला. कुणी तिला सडक्या कोळंबीचा वास दिला, कुणी गळके डोळे दिले. खरूज ही मोठ्या आईच्या नणंदेची, वन्संची सूचना होती, कारण त्या महिन्यात वन्संना स्वतःलाच खाज सुटली होती. असं सगळ्यांनी मिळून, हाताने जाळी आणि तोंडाने भूत विणलं. तेव्हापासून धक्क्यावर एक पोर फिरकलं नाही. पोरांची पोरं झाली, तीही फिरकली नाहीत. इतकं पक्कं काम बंदराच्या कचेरीने कधी केलं असेल तर दाखवावं.

आणि सगळ्यांत जास्त कोण घाबरलं असेल, तर धाकटा. मिसरूड फुटेपर्यंत तो अंथरूण ओढत तिच्याजवळ यायचा. "आई, ती आली का गं?" असं विचारायचा. मोठी आई म्हणायची, "झोप. तू धक्क्यावर गेला नाहीस ना? मग नाही येत." बिचारा झोपेत अंग खाजवायचा.

त्याच धाकट्याने खरजुलीला न्हाऊमाखू घातलं, खरूज पुसली, दागिने चढवले आणि नवरी करून धक्क्यावर उभी केली. आणि जी भानगड माणसांना तिथून पळवायला केली होती, तीच आता माणसांना तिथे ओढून नेत होती.

*

ओढून नेत होती तेही कुठे? अगदी टोकाला. कारण तो आवाज टोकाला चांगला येतो.

मोठ्या आईचं त्या आवाजाकडे बारीक लक्ष होतं. शेडच्या मागच्या खिडकीतून तो रोज येत होता. पूर्वी तो टकटक असा होता, कुणी बोटाने दार वाजवावं तसा. मग ठकठक झाला. या वर्षी तो ढब झाला होता, आणि ढबच्या मागून खाली कुठेतरी पाणी गुळणी केल्यासारखं फिरायचं. पोकळ डबा जितका मोठा तितका आवाज जाड, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. मोठी आई तशीही गेली नव्हती फारशी.

"अरे, आत काही उरलेलं नाही," तिने धाकट्याला सांगितलं. तो कंदिलाच्या काचा पुसत बसला होता. "वरचे दगड एकमेकांना टेकून उभे आहेत इतकंच. तू त्यावर माणसांची झुंड नेतोस."

"आई, झुंड नाही, मोजकीच असतात."

"त्यातल्या एकेकीची अंगलट बघितलीस का?"

"आई!"

"खरं ते बोलते. धक्क्याला लाज वाटत नाही, तो वजन बघतो."

"मग इतकी वर्षं पडला नाही तो?"

"इतकी वर्षं त्यावर कुणी चढलं नाही म्हणून पडला नाही! कुणी चढलं नाही ते कुणामुळे?"

धाकट्याने काच उजेडात धरून बघितली. "आता पुन्हा खरजुली नको हं, आई," तो म्हणाला, आणि नकळत त्याने मनगट खाजवलं.

सूनबाई ओट्याशी फोनवर काहीतरी टाइप करत होती. ती न बघताच म्हणाली, "आई, तुमची ती खरजुली मी एकदा नेटवर टाकून बघितली होती. कुणाला आवडली नाही. लोकांना भूत सुंदर लागतं."

"लोकांना आवडावी म्हणून नव्हतीच केली ती!"

"तेच ना. मार्केटिंग चुकलं तुमचं."

मोठ्या आईने कपाळाला हात लावला. मग ती बंदराच्या कचेरीत गेली. गुडघे कुरकुरत होते तरी गेली. बंदरमास्तर नवा होता, गोड बोलणारा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "मावशी, तो धक्का आमच्याकडे येतच नाही. आमच्या बंदराच्या आधीचा आहे तो."

"मग कुणाकडे येतो?"

"कुणाकडेच नाही."

"पडून माणूस मेला की कुणाकडे येईल?"

मास्तर जरा चपापला. दुसऱ्या दिवशी त्याने माणूस पाठवून धक्क्याच्या तोंडाशी लाल अक्षरांत 'धोका' अशी पाटी ठोकून घेतली. मोठी आई तेवढ्यानेही समाधानी झाली असती. पण संध्याकाळी बघते तर काय, त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला माणसांनी रांग लावलेली. सूनबाई म्हणाली, "आई, पाटीची आयडिया झकास हं!"

मग मोठ्या आईने शेवटचा उपाय केला. खरं बोलायचं ठरवलं. धाकट्याची माणसं शेडवरून जाताना ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका सगळे! धक्क्यावर भूतबीत काही नाही. ते मी रचलंय. या शेडमध्ये, या इथे बसून. तो धक्का पोकळ आहे आणि तुम्ही सगळे मूर्ख आहात. घरी जा."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

"काय सुंदर बोलल्या!" एक चष्मेवाला गहिवरून म्हणाला. "अजून मान्य करवत नाही त्यांना. यांचीच कुणी होती का ती?"

आणि या गोंधळात वन्सं आतून बाहेर आल्या. वन्संना ऐकू कमी यायचं, पण टाळ्या ऐकू आल्या. त्यांनी विचारलं, "काय चाललंय? सागरवधूचं? मी बघितलंय तिला. नाकात मोती होता. या डोळ्यांनी बघितलंय."

"वन्सं!" मोठी आई किंचाळली. "तुम्ही होतात ना तेव्हा इथेच? खरूज तुम्ही दिलीत तिला!"

"मी कशाला देऊ? माझी केव्हाच बरी झाली," वन्सं दुखावून म्हणाल्या, आणि चष्मेवाल्याला नाकातल्या मोत्याचं वर्णन करून सांगू लागल्या.

त्या दिवशी मोठी आई कुणाशी बोलली नाही. घरातल्यांना वाटलं, ताप असेल.

*

इथवरही तिने दात खाऊन काढलं असतं. दुसऱ्यांची माणसं, त्यांना त्यांचा जीव प्यारा नसेल तर आपण किती आटापिटा करायचा? पण मग धाकट्याने चिमणीला नवरी करायचं ठरवलं.

चिमणी ही धाकट्याची मुलगी. नाव चिमणी, अंगाने शिडी. नुकतीच कॉलेजात जायला लागलेली आणि नाटकाचं वेड. उधाणाच्या भरतीला आवाज सर्वांत मोठा येतो, तर त्या संध्याकाळी कंदिलांच्या उजेडात सागरवधू स्वतः धक्क्याच्या टोकाला उभी दिसली पाहिजे, अशी सूनबाईची योजना. मग लोक तिच्याकडे चालत जाणार, एकेक करत, अगदी टोकापर्यंत.

मोठ्या आईने ऐकलं आणि तिच्या हातातली सुई खाली पडली. जाळ्याची सुई तिच्या हातून कधी पडत नाही.

"चिमणे, तू जायचं नाहीस."

"आजी, नुसतं उभं तर राहायचंय."

"उभं राहायचं तर अंगणात राहा."

"अंगणात कोण बघणार मला?"

"मी बघीन."

"तू तर रोजच बघतेस," चिमणी म्हणाली आणि आजीच्या गालाचा मुका घेऊन पळाली. ही पोर कुणाचं ऐकायची नाही. हा हट्ट कुठून आला, ते मोठ्या आईला आरशात बघितल्यावर कळायचं, म्हणून ती आरशात बघत नसे.

तिने नवरीचे कपडे लपवले. सूनबाईने दुसरे भाड्याने आणले. तिने धाकट्याशी भांडण काढलं, जेवण सोडलं. धाकट्याने ताट तिच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि म्हणाला, "एकदाच, आई. फक्त या उधाणाला." जसं काही उधाणाला हे ऐकू जाणार होतं.

त्या दिवशी दुपारपासूनच पाणी फुगायला लागलं. उजेड कलता कलता माणसं जमली, नेहमीच्या दुप्पट. मोठी आई काठी घेऊन धक्क्याच्या तोंडाशी गेली, तर चिमणी आधीच टोकाला जाऊन उभी होती. नवरीचे कपडे वाऱ्याने फडफडत होते, लाटांचे तुषार तिच्या कमरेपर्यंत उडत होते.

"मागे ये गं!" मोठी आई ओरडली. वाऱ्याने तिचा आवाज उचलला आणि गावाकडे फेकला. चिमणीने हात हलवला, जशी काही आजी कौतुक करायला आली होती. तेवढ्यात खालून आवाज आला. ढब. आज तो कानाला नाही, तळपायाला कळला. मोठी आई एक पाऊल पुढे टाकणार, तोच थबकली. आपण तिथे गेलो तर ती आपल्यावर हसेल, येणार नाही. ओढायची ताकद आता राहिली नाही. आणि आपलंही वजन काही कमी नाही.

कंदील शेडच्या दिशेने येत होते. शेडवरून वळलं की धक्का.

एक गोष्ट मात्र मोठ्या आईला आपल्या नातीबद्दल पक्की ठाऊक होती. ही मुलगी थंडीला भीत नाही, पाण्याला भीत नाही, बापाला तर नाहीच नाही. पण बघायला कुणी नसेल तर ती एका जागी टिकत नाही. लहानपणी रडायचीसुद्धा, तर आधी कोण आहे ते बघून.

मोठी आई वळली. गुडघे ओरडत होते, त्यांना तिने आणखी वाईट शिव्या दिल्या, आणि माणसांच्या आधी शेडच्या दारात पोचली.

*

"आत या," ती माणसांना म्हणाली. "सगळे. धक्क्यावर जायच्या आधी इथली पायरी चढावी लागते."

धाकटा पुढे झाला. "आई, हे आपलं ठरलेलं नाही..."

"ठरवणारा तू कोण? भूत माझ्या शेडमधून निघालंय." आणि माणसांकडे वळून, "तुम्हाला खरी गोष्ट ऐकायचीय की याची?"

माणसांना खरी ऐकायची होती. माणसांना नेहमी खरी ऐकायची असते, फक्त ती पटवून घ्यायची नसते. सगळी आत शिरली, छताला टांगलेल्या जाळ्यांखाली दाटीवाटीने बसली. टाचांची बाई होती, चष्मेवाला होता. वन्सं पुढच्या ओळीत, जसं काही तिकीट काढलं होतं. मोठी आई तिच्या नेहमीच्या पाटावर बसली. मांडीवर जाळं घेतलं. अंधारत चाललं होतं, एकच कंदील. ती बोलायला लागली तेव्हा तिच्या हातात सुई होती. दर वाक्याच्या शेवटी ती गाठ ओढायची आणि ओला दोरा करकरायचा. पूर्वी अशीच सांगायची.

"ती रडत नाही," मोठी आई म्हणाली. "रडायला तिला सवड नाही. ती खाजवते."

कर्र.

"तिला नवराबिवरा काही नव्हता. कोण करणार तिला? अंगभर खरूज. डोक्यात, बोटांच्या बेचक्यांत, पापण्यांच्या आत. खारं पाणी लागलं की आग होते, म्हणून ती धक्क्याच्या पोटात शिरली. आणि तिथे दगडाला पाठ घासते. तो आवाज ऐकता ना तुम्ही? ती दार ठोठावत नाही. पाठ घासतेय."

कर्र. आणि मागच्या खिडकीतून, ढब.

कुणीतरी मांडी बदलली.

"घासून घासून दगड गुळगुळीत होतो. मग त्याने तिची खाज भागत नाही. मग ती आतून दुसरा दगड उपसते, खरबरीत. मग तिसरा. इतकी वर्षं ती आतून दगड उपसतेय. आत किती उरले असतील, तुम्हीच सांगा."

टाचांच्या बाईने दंड खाजवला. तिच्या शेजारच्याने मान. खाज ही अशी वस्तू आहे, की नुसती ऐकली तरी सुटते. हळूहळू सगळी शेड खाजवू लागली, कुणी टोपीखाली, कुणी मोज्यात बोट घालून. चष्मेवाला सभ्य होता, तो भिंतीला पाठ घासत होता.

मोठ्या आईने दाराकडे पाहिलं. धाकटा चौकटीला चिकटून उभा होता. इतका मोठा बाप्या, डोक्यावरचे केस गेलेला, आणि चेहरा असा की आता अंथरूण घेऊन येईल. तेव्हा तिला कळलं की त्याने खरजुलीला नवरी का केली. धंद्यासाठी नव्हे. सुंदर केली की ती याच्याकडे येणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

वाईट वाटलं तिला. पण ती थांबली नाही. थांबली असती तर माणसं उठली असती.

"आणि शेवटी पाठीला हात पोचत नाही," ती म्हणाली. "कुणाचाच पोचत नाही. म्हणून तिला माणूस लागतं. टोकाला कुणी येऊन उभं राहिलं की ती वर बघते. मग हळूच घोट्याला धरते..."

कर्र.

ती लांबवत गेली. खरजुलीची नखं सांगितली, वास सांगितला, तिच्या केसांत राहणारे खेकडे सांगितले, जे पूर्वी कधी नव्हते. एक कान मात्र तिचा खिडकीकडे होता. ढब. ढब. चिमणे, कंटाळ गं बाई. कधी नव्हे ते आज लवकर कंटाळ.

आणि दार धाडकन उघडलं.

दारात ती उभी होती. चिंब भिजलेली. नवरीचे कपडे अंगाला चिकटून त्यांवर शेवाळाच्या पट्ट्या लोंबत होत्या. डोळ्यांचं काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळलेलं, केसांच्या जटा. आणि ती दोन्ही हातांनी मान, पोट, पाठ, सगळं अंग करकरा खाजवत होती.

"कुणी येतच नाही!" ती किंचाळली. "आणि मला खाज सुटलीय!"

त्यानंतर शेडमध्ये जे झालं ते सांगण्यासारखं नाही. चष्मेवाला जाळ्यात गुंतला. टाचांच्या बाईने टाचा आणि टोपी दोन्ही तिथेच सोडल्या. वन्सं मात्र जागेवरून हलल्या नाहीत, टाळ्या वाजवत बसल्या. आणि धाकटा "आई!" असं ओरडून जो खाली बसला, तो आईच्या पाटाजवळच.

"अरे, तुझी मुलगी आहे," मोठी आई म्हणाली. तिने चिमणीला जवळ ओढलं, कोरड्या पोत्यात गुंडाळलं, आणि इतक्या जोरात आवळलं की पोर कळवळली. "कपडे भाड्याचे, त्यात खारं पाणी. खाज सुटेल नाही तर काय. मूर्ख कुठली."

चिमणी पोत्यात थरथरत होती. मग आजीच्या खांद्यात तोंड घालून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलली. "आजी, शेवटी ना, माझ्या पायाखालचा दगड हलला गं."

पण धाकटा जवळच बसला होता. त्याने ऐकलं. त्याने मुलीच्या पायांकडे बघितलं. मग त्याने कंदील उचलला, बाहेर गेला आणि धक्क्याच्या तोंडाशी दोरखंड बांधून आला. बांधताना एकदाही पलीकडे बघितलं नसणार, याची मोठ्या आईला खात्री होती.

*

धक्का त्या संध्याकाळी पडला नाही. त्यामुळे सूनबाईला पुढे कितीतरी दिवस म्हणता आलं की आईंनी उगाच चांगला कार्यक्रम नासवला. तो पडला पुढे कधीतरी, भर दुपारी, कुणी नसताना. जेवणं चालली होती. आवाज असा झाला की ताटांतलं पाणी हललं. बघतात तर टोकाकडचा अर्धा भाग गेलेला, आणि तडा तोंडाशी पोचून मास्तरची पाटीही घेऊन गेलेला. चिमणी उभी होती तिथे पाणी फिरत होतं.

सूनबाईने चिमणीच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. चिमणीनेही मुकाट खाल्लं.

आता तरी, मोठ्या आईला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, की म्हातारी खरं सांगत होती, धक्का पोकळ होता. तिने दारात उभं राहून वाट पाहिली. गाव जमलं, बघून हळहळलं, आणि तिच्याकडे वळून आदराने म्हणालं, "मावशी, खरजुलीने शेवटी सगळेच दगड उपसले हो!"

"तुम्ही सांगितलं होतंत," मास्तर म्हणाला. तोसुद्धा!

वन्संनी त्या दिवशी तीन जणांना मुलाखत दिली. आता त्यांनी खरजुलीला पाहिलं होतं, पाठीमागून.

मोठी आई आत जाऊन पाटावर बसली. चिडावं तर कुणाकुणावर? तिने खरं सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खोटं सांगितलं तेव्हा वाचले. यावर माणसाने बोलायचं तरी काय?

संध्याकाळी धाकटा आला. दारात घुटमळला. "आई, माणसं आलीत."

"कशाला? धक्का गेला ना?"

"धक्का नकोय त्यांना. त्यांना... तुझी गोष्ट पाहिजे. शेडमधली." मग चाचरत, "मी बाहेर थांबीन. मला ऐकायची नाही."

मोठ्या आईने पुढ्यातल्या फाटक्या जाळ्यांच्या ढिगाकडे बघितलं. तरुण बायका आता हे काम करायला येत नव्हत्या. ढीग वाढतच होता.

"पाठव," ती म्हणाली. "पण सांग, रिकाम्या हाताच्या माणसांसमोर खरजुली येत नाही. प्रत्येकाने सुई घ्यायची."

तेव्हापासून रोज संध्याकाळी शेड भरते. माणसं खाली बसून जाळी विणतात, खाजवतात, किंचाळतात. चिमणी दारातून येते, आता मनापासून येते, बघायला कोण आहे ते पाहून. लोक जाताना म्हणतात, काय अनुभव होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी आई पाटावर बसते, चष्मा चढवते, आणि त्यांनी मारलेली एकूणएक गाठ उसवत बसते. कारण त्यातली एकही सरळ नसते.